नांगरापूर्वी नकाशा

आपल्या माळशिरस तालुक्यांतील शेतकरी वावराची वांटणी करण्यापूर्वी गटाचा नकाशा पाहतो. संगणकाच्या हार्ड डिस्कविषयींही हाच नियम पाळावा.

विंडोजच्या स्टार्ट बटनावर माउसची उजवी कळ दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावें. खालच्या भागीं प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी दिसते. तिच्यांतील चौकटी म्हणजे पार्टिशनें. चौकटीच्या माथ्यावर काळा पट्टा असल्यास ती जागा अद्याप वांटलेली नाहीं. ही वांटणी डिस्कच्या आरंभींच्या तक्त्यांत नोंदलेली असते. जुन्या एमबीआर तक्त्यांत मुख्य पार्टिशनें चारच मावतात; नव्या जीपीटींत विंडोज १२८ पर्यंत मानतें.

नुसतें पाहिल्यानें कांहीं बिघडत नाहीं; बिघडतें तें न वाचतां आज्ञा दिल्यानें. एकदां पेन ड्राइव्ह समजून आम्हीं दुसऱ्याच डिस्कचें पार्टिशन पुसलें, आणि वर्षाच्या गुणपत्रिका दिसेनाशा झाल्या! सुदैवानें त्या डिस्कवर पुढें कांहीं लिहिलें नाहीं. पुसली होती ती हद्दीची नोंद. मजकूर जागींच होता, म्हणून जाणकाराकडून तो परत मिळाला. बांध मोडल्यानें उभें पीक जात नाहीं. नांगर फिरला म्हणजे जातें.

यास्तव डिस्कचा क्रमांक व आकार आधीं वहींत टिपावा, महत्त्वाच्या मजकुराची प्रत अन्यत्र ठेवावी, आणि मगच कळ दाबावी.