सैल त्वचेची शस्त्रक्रिया आणि शरीराची अमानत

यवतमाळ, दारव्हा, पुसद, उमरखेड या भागांत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. अशा उन्हाळ्यात ज्याच्या पोटावर त्वचेची सैल घडी लोंबते, त्याची अवस्था इतरांना सहसा कळत नाही. परिश्रमाने किंवा उपचाराने चाळीस-पन्नास किलो वजन घटविलेल्या अनेकांना हा त्रास होतो. दीर्घकाळ ताणलेल्या त्वचेतील लवचीक तंतू निकामी होतात. चरबी जाते, पण त्वचा आकसत नाही आणि व्यायामानेही ती नाहीशी होत नाही. घडीत घाम साचतो, कातडी सोलवटते, बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. तहारत राखणे कठीण होते. रुकू व सजद्यात अडथळा येतो. ही त्वचा शस्त्रक्रियेने काढणे जायज आहे काय, की तो अल्लाहच्या निर्मितीत फेरफार ठरतो?

निषेध कशाचा?

सूरह अन्-निसाच्या ११९ व्या आयतीत अल्लाहची निर्मिती बदलण्यास प्रवृत्त करणे हे सैतानाचे कृत्य म्हटले आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या हदीसमध्ये गोंदणाऱ्या आणि सौंदर्यासाठी दातांत फटी पाडणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार आहे. येथे ‘सौंदर्यासाठी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. उलमांनी त्यावरून उपचार आणि हौस यांत भेद केला.

दुसरी हदीस हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांची आहे. इस्लामपूर्व काळातील कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक गेले. चांदीचे नाक बसविले, ते दुर्गंधी सोडू लागले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषांना सोने निषिद्ध असूनही ही अनुज्ञा मिळाली, कारण उद्देश हानी दूर करण्याचा होता.

आपल्या महाराष्ट्रातही असा दाखला आहे. १७९२ च्या म्हैसूर युद्धात नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळ एका स्थानिक कारागिराने कपाळाची त्वचा वळवून नवे नाक दिले. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचे वर्णन छापून आले. गमावलेले परत मिळविणे म्हणजे निर्मितीशी बंड नव्हे.

फुकहांचा निर्णय

आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथील अठराव्या अधिवेशनात या विषयावर ठराव केला. अवयवाचे कार्य किंवा मूळ रूप परत आणणारी, तसेच शारीरिक अथवा तीव्र मानसिक पीडा देणारे व्यंग दूर करणारी शस्त्रक्रिया अनुज्ञेय आहे. केवळ इच्छेपोटी वा अनुकरणापोटी सामान्य रूप बदलणारी शस्त्रक्रिया अनुज्ञेय नाही.

याच कसोटीवर जखमा व संसर्ग करणारी, चालणे व इबादत कठीण करणारी घडी काढणे हा उपचार ठरतो. याउलट, प्रसूतीनंतरची किरकोळ सैलता केवळ लग्नसमारंभातील छायाचित्रांसाठी काढणे त्या सवलतीत बसत नाही. या दोहोंमध्ये अनेक प्रकरणे असतात. तेथे स्वतःच्या नीयतचा प्रामाणिक हिशेब घ्यावा.

पाळावयाच्या गोष्टी

ही शस्त्रक्रिया मोठी असते. रक्तस्राव, जखमेत पाणी साचणे, संसर्ग, पायातील रक्ताची गाठ फुप्फुसात जाणे हे धोके संभवतात; व्रण कायम राहतो. मधुमेह व धूम्रपान धोका वाढवितात. वजन निदान सहा महिने स्थिर झाल्याशिवाय घाई करू नये. नागपूरला जाऊन प्रशिक्षित प्लास्टिक सर्जनचाच सल्ला घ्यावा. स्त्रीने शक्यतो स्त्री डॉक्टर शोधावी आणि सतर आवश्यक तेवढेच उघडावे. व्याजी हप्त्यांवर खर्च उभारू नये. पट्टी असताना वुजूत तिच्यावर मसह करावा. सजदा शक्य नसेल तर बसून इशाऱ्याने नमाज अदा करावी, पण सोडू नये.

एक विनंती घरच्यांसाठी. वजन घटविणाऱ्याच्या सैल त्वचेची थट्टा करू नका. ती आळसाची खूण नसून जिंकलेल्या संघर्षाची आहे. शरीर ही अमानत आहे. तिची निगा राखणे कर्तव्य आणि तिचा उपहास करणे गुन्हा. आपल्या प्रकरणात डॉक्टर आणि विश्वासू मुफ्ती या दोघांनाही विचारून निर्णय घ्यावा. अल्लाह प्रत्येक आजाऱ्याला शिफा देवो. आमीन.