वृद्ध पुरुषांतील अस्थिसौषिर्य

अस्थिसौषिर्य म्हटले की रजोनिवृत्तीनंतरची स्त्रीच आपल्या डोळ्यांसमोर येते. पुरुषांत हा विकार कमी आणि उशिरा आढळतो, हे खरे. परंतु खुब्याचे हाड मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक असते. तरीही सत्तरीच्या गृहस्थाची पाठ दुखू लागली की ‘कटिग्रह’ लिहून आपण मोकळे होतो.

पोते उचलताना, किंबहुना नुसते शिंकताना, पाठीत कळ आली व ती आठवडेच्या आठवडे टिकली, तर मणका दबल्याची शंका घ्यावी. पडल्याचा इतिहास नसल्यामुळे हे निदान हमखास निसटते. रुग्णाची उंची मोजावी. तरुणपणापेक्षा ती ४ सें.मी. वा अधिक घटली असल्यास पाठीचा एका बाजूने एक्स-रे काढून घ्यावा. तोवर जोरकस मर्दन व पाठीस झटके देणे सर्वथा वर्ज्य समजावे.

अस्थी हे वायूचे आश्रयस्थान. अन्य दोष वाढले की त्यांचे आश्रयही वाढतात. वायू वाढला की अस्थी मात्र क्षीण होतो, हे वाग्भटांनी स्पष्ट केले आहे. अस्थिगत विकारांत चरकांनी बस्ती आणि तिक्तद्रव्यांनी सिद्ध क्षीर-घृत सांगितले. लाक्षादि गुग्गुळ, कांडवेल आपल्या नित्य वापरात आहेतच. पण निदानपरिवर्जन राहून गेले तर केवळ गुग्गुळाच्या भरवशावर राहता येणार नाही.

पुरुषांत शोधल्यास कारण बहुधा सापडते: मद्यपान, धूम्रपान, अपस्माराची काही औषधे, टेस्टोस्टेरॉनची न्यूनता, पौरुषग्रंथीच्या कर्करोगावरील हार्मोनरोधक उपचार. सोबत पांडुता वा वाढलेला ईएसआर असेल तर मज्जेचा कर्करोग वगळणे अगत्याचे. मात्र सर्वांत अधिक वेळा भेटते ते स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन रोज ५ मि.ग्रॅ. एवढे अल्प असले तरी तीन महिने चालू राहिल्यास अस्थींवर परिणाम करू लागते.

येथे औषधविक्रेत्या बंधूंचा संबंध येतो. दम्याचा वृद्ध रिकामी पट्टी दाखवून तीच गोळी वर्षानुवर्षे नेतो. निनावी ‘सांधेदुखीची पुडी’ दोन दिवसांत चमत्कार करते आणि पुढे रुग्णाचा चेहरा वाटोळा होतो, त्वचा पातळ पडते; त्या पुडीत काय मिसळले असावे, हे आपणांस सांगावयास नको. अशी पुडी आयुर्वेदाच्या नावावर खपते, हे आपले अधिक मोठे दुःख! तथापि दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करावयास कधीही सांगू नये; अधिवृक्क ग्रंथी मंदावलेली असल्याने ते जिवावर बेतू शकते. मात्रा टप्प्याटप्प्याने, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच उतरवावी.

आणखी एक चौकशी राहून जाते: रात्री लघवीसाठी किती वेळा उठावे लागते? पौरुषग्रंथीवरील काही औषधांनी उभे राहताच रक्तदाब उतरतो, भोवळ येते. पुढे अंधार आणि ओली मोरी. उठण्यापूर्वी खाटेच्या कडेवर क्षणभर बसावे व दिवा रात्रभर चालू ठेवावा, एवढे औषधाच्या पुडक्यावर लिहून द्यावे.