सुरत ते भावनगर : पट्टीचे अंतर आणि वाटेचे अंतर



सातवीच्या सहामाही परीक्षेत भूगोलाचा एक प्रश्न होता : 'नकाशाच्या साहाय्याने सुरत व भावनगर या शहरांतील अंतर काढा.' एका विद्यार्थ्याने नकाशावर पट्टी ठेवली, प्रमाण पाहिले आणि उत्तर लिहिले, सुमारे ९५ कि.मी. आमच्या उत्तरसूचीत ३६० कि.मी. होते. पेपर आम्हीच तपासला आणि त्याला शून्य दिले. गुणांची तक्रार घेऊन एरवी पालक येतात. हा मुलगा दुसऱ्या दिवशी एकटाच, हातात नकाशा घेऊन कार्यालयात आला. "सर, माझी पट्टी चुकली का?" एवढेच त्याने विचारले.

पट्टी चुकली नव्हती. म्हणून हा पाठ.

नकाशा उघडा. सुरत आणि भावनगर समोरासमोर आहेत. मध्ये खंभातचे आखात आहे. येथे एक गोष्ट सांगून टाकतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तेथे आम्ही 'खंभात की खाड़ी' शिकलो, आणि शिक्षक झाल्यावर पहिली काही वर्षे मराठी वर्गातही 'खाडी'च म्हणत राहिलो. मराठीत खाडी म्हणजे नदीच्या मुखाशी आत शिरलेले समुद्राचे पाणी; जमिनीत खोलवर घुसलेल्या समुद्राला आखात म्हणतात. आपले गुजराती शेजारीही 'अखात'च म्हणतात. तेव्हा उत्तरपत्रिकेत आखात लिहा.

या आखाताला साबरमती, मही, नर्मदा आणि तापी या नद्या मिळतात. रेल्वे किंवा बसने जाणाऱ्याला वर चढून त्याला पूर्ण वळसा घालावा लागतो. बस सुरतहून भरुच, बडोदे, मग बोरसद, तारापूर, वटामण अशी जाऊन खाली भावनगरला उतरते. सुरत ते बडोदे सुमारे दीडशे कि.मी., बडोदे ते भावनगर सुमारे दोनशे. बेरीज करून पाहा. रेल्वे तर अहमदाबादपर्यंत वर जाऊन मग सौराष्ट्राकडे वळते. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका वऱ्हाडाबरोबर सुरतहून भावनगरला रात्रीच्या बसने गेलो होतो. मध्यरात्री जाग आली तर बस आमच्याच बडोद्यातून चालली होती! जेथून सकाळी निघालो, तेथेच परत.

सुरतेच्या हिरे-कारखान्यांतील असंख्य कारागीर भावनगर, अमरेलीकडचे. दिवाळीला, लग्नकार्याला त्यांना हीच वाट. म्हणून पाण्यावरून जाण्याचा विचार झाला. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी भावनगरजवळच्या घोघा बंदरातून भरुच जिल्ह्यातील दहेजपर्यंत रो-रो सेवेचे उद्घाटन झाले. रो-रो म्हणजे अशी नौका की जिच्यात मोटार, ट्रक चालवतच आत न्यायचे आणि चालवतच बाहेर काढायचे. समुद्रातून हे अंतर अवघे ३१ कि.मी. पण २०१९ मध्ये ही सेवा थांबली. कारण होते गाळ.

हा भाग नीट समजून घ्या. खंभातचे आखात नरसाळ्यासारखे आहे, तोंड रुंद आणि वर निमुळते. भरतीचे पाणी आत शिरते आणि जागा अपुरी पडल्याने उंच चढते. भावनगरजवळ भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरपर्यंत जातो, म्हणजे साधारण तीन मजली घराएवढा! त्या जुन्या बंदरात ओहोटीला जहाजे चिखलात बसू नयेत म्हणून पाणी अडवणारा दरवाजाच बांधलेला आहे. नद्यांनी आणलेला गाळ या जोराच्या पाण्याने सतत ढवळला जातो आणि पुन्हा बसतो. दहेजला नौकेला हवी तेवढी खोली राहिली नाही. उपसलेला गाळ पुन्हा भरतो. माणसाने धक्का बांधला, पण पाण्याचे वेळापत्रक माणसाच्या हाती नाही. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून आजच्यापेक्षा उद्याची भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते.

पुढे ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरतजवळच्या हजिरा बंदरातून घोघ्यापर्यंत सेवा सुरू झाली. रस्त्याने ३७० कि.मी., समुद्राने ९०. दहा-बारा तासांचा प्रवास सुमारे चार तासांवर आला. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो त्याच वर्षी, १५ मार्चला सुरू झाली; ज्यांचे नातलग अलिबागकडे आहेत त्यांना ती ठाऊक असेल.

काही पालकांनी विचारले, सहल बोटीने नेल्यास भावनगरला लवकर पोचू का? आपण बडोदेकर आखाताच्या बाजूलाच राहतो. हजिऱ्याला जाऊन बोट पकडणे म्हणजे आधी उलटे दीडशे कि.मी. जाणे. वेळ वाचणार नाही. तरीही जाताना बोट आणि येताना बस असा बेत विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. त्यात मुलांना संपूर्ण आखाताची प्रदक्षिणा होईल. हवामान व भरतीनुसार वेळा बदलतात, म्हणून तारीख चौकशी करूनच ठरेल.

त्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण दिले आहेत. प्रश्नात 'सरळ रेषेतील' की 'रस्त्याने' हे आम्ही लिहिलेच नव्हते. ज्यांनी ३६० लिहिले त्यांचेही गुण कायम आहेत.

आता गृहपाठ. बस ३७० कि.मी. दहा तासांत जाते आणि बोट ९० कि.मी. चार तासांत. दोघांचा ताशी सरासरी वेग काढा. ज्याचा वेग कमी, तोच आधी कसा पोचतो, ते आकृतीसह चार ओळींत लिहून शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्या.