गाडी विकली म्हणतात, पण नावावर कुणाच्या?

प्रश्न : भिगवणजवळ पुणे-सोलापूर महामार्गावर ट्रकच्या धडकेत माझे मेहुणे गेले. बहीण आणि दोन लहान मुलं मागे आहेत. ड्रायव्हर जामिनावर बाहेर आला. मालक म्हणतो, गाडी मी केव्हाच विकली. विमा कंपनी म्हणते, परमिट संपलं होतं. मग जबाबदार धरायचं तरी कुणाला?
— एक वाचक, इंदापूर

उत्तर : मालकाचं ऐकून गप्प बसू नका. स्टँपपेपरवर व्यवहार झाला असेल, पैसेही पोचले असतील. पण अपघाताच्या दिवशी आरटीओच्या दफ्तरी त्याचंच नाव असेल, तर भरपाईपुरता मालक तोच. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात गाडी तीन-चार जणांच्या हातून फिरली होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नोंदणीकृत मालकालाच धरलं. तेव्हा आधी आरसीची नोंद काढा; गाडी एमएच-४२ ची असेल तर ती बारामतीच्या कार्यालयात मिळेल. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा दिसला म्हणून ती मालक ठरत नाही; त्या कर्जाच्या करारानुसार गाडी ज्याच्या ताब्यात, तो ठरतो.

परमिटची सबबही तुमच्या बहिणीच्या आड येऊ नये. अमृतपॉल सिंग खटल्यात (तोही २०१८ चाच) परमिट नसणं हा पॉलिसीचा गंभीर भंग मानला गेला, तरी कंपनीने आधी वारसांना पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असंच ठरलं. त्यांचं भांडण त्यांनी आपसात निस्तरावं.

जामिनाने खचून जाऊ नका. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, पण गुन्हा जामीनपात्र. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची शिक्षा देणारं पोटकलम ट्रकचालकांच्या जानेवारी २०२४ च्या संपानंतर अंमलात आणलंच नाही. उद्या ड्रायव्हर निर्दोष सुटला, तरी क्लेम बुडत नाही. फौजदारी कोर्टाला संशयापलीकडचा पुरावा लागतो. भरपाईचा दावा चालतो ते मोटार अपघात न्यायाधिकरण कुठली बाजू अधिक संभवनीय, एवढंच पाहतं.

जुलै २०२५ मध्ये बारामतीच्या खंडोबानगर चौकात दुचाकीवरचा बाप आणि त्याच्या दोन लेकी हायवा डंपरखाली गेल्या. अशा वेळी सगळा राग ड्रायव्हरवर निघतो. मला मात्र हायवात माल किती होता आणि ड्रायव्हरला पगार महिन्याचा होता की खेपेवर, हे आधी विचारावंसं वाटतं. जादा माल भरला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे. तो गाडी चालवणाऱ्यालाच नव्हे, चालवायला लावणाऱ्यालाही बसतो.

हंगामात आपल्याकडची गुंतागुंत ट्रकपेक्षा उसाच्या ट्रॉलीची. भवानीनगर, माळेगाव, बिजवडी, कुठल्याही कारखान्याच्या रस्त्यावर रात्री पंक्चर ट्रॉली दिव्याविना, रिफ्लेक्टरविना उभी असते आणि मागून दुचाकी आदळते. उभ्या गाडीचा दोष काय, असा युक्तिवाद होतो. तो टिकतोच असं नाही. अंधारात इशारा न देता गाडी उभी करणं हाही निष्काळजीपणाच. मात्र दुचाकीस्वाराचा वेग जास्त होता असं ठरलं, तर त्याच्या वाट्याइतकी भरपाई कापली जाते. म्हणून पंचनाम्यात ट्रॉलीचा मागचा दिवा, रिफ्लेक्टर, रस्त्यावरच्या खुणा आल्या आहेत का, हे त्याच दिवशी पाहावं. ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, हा मुद्दाही कंपन्या हमखास काढतात; दोन्हींची कागदपत्रं मागा.

अर्ज अपघाताच्या ठिकाणच्याच नव्हे, बहीण राहते तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, तेवढी पाळा. आणि धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर मृतामागे दोन लाखांची सरकारी योजना आहे. तिचा अर्ज कोर्टात नव्हे, प्रांत किंवा तहसील कार्यालयात द्यायचा असतो.