डोळा लवतो, पोटरी फडफडते : आजार कोणता आणि भीती कोणती?



आमच्या लहानपणी घरात कोणाचा डोळा लवला की आजी लगेच विचारीत असे, "डावा की उजवा?" बाईचा डावा लवला तर शुभ, उजवा लवला तर काहीतरी वाईट कानी येणार. पुरुषांचे याच्या उलट. आज आपण याला हसतो. पण काही वर्षांपूर्वी रात्री पांघरुणात आमची पोटरी फडफडू लागली तेव्हा आम्ही आजीपेक्षा शहाणे ठरलो नाही. आजी निदान पाहुण्याची किंवा पत्राची वाट पाहत असे. आम्ही मरणाची वाट पाहू लागलो. जन्मभर मुलांना शिकवून झाल्यावर हा धडा आम्हांला स्वतः शिकावा लागला. आपल्यापैकी आणखी कोणाला त्याचा उपयोग व्हावा म्हणून येथे मांडीत आहोत.

झाले असे की रात्री दोन वाजता आम्ही फोनवर शोध घेतला आणि पहिल्याच पानावर ए. एल. एस. हे नाव वाचले. पुढचे तीन महिने आमचे आम्ही राहिलो नाही. सकाळी उठल्याबरोबर टाचांवर चालून पाहायचे, मग चवड्यांवर उभे राहायचे, मग आरशात जीभ पाहायची. शब्बाथच्या रात्री किद्दूशचा प्याला हाती घेतला तरी लक्ष प्रार्थनेकडे नसे. हात थरथरतो का, इकडे असे. घरच्यांना दिवसातून दहा वेळा विचारीत असू, "आमचे बोलणे बोबडे वाटते का?"

प्रथम हा आजार काय आहे ते समजून घेऊ. अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस असे त्याचे लांबलचक नाव. फ्रान्समधील डॉक्टर शार्को यांनी १८६९ पासून त्याचे वर्णन केले. अमेरिकेत बेसबॉल खेळाडू लू गेरिग यांना १९३९ साली तो झाल्याचे कळले आणि तिकडे तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, याचे निदान झाले. ते २०१८ पर्यंत जगले, पण इतके आयुष्य या रोगात क्वचितच मिळते. मेंदू व मज्जारज्जू यांतील ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात, त्या यात हळूहळू मरतात. हुकूम मिळेनासा झाला की स्नायू दुबळा होतो आणि झिजतो. रोग बरा करणारे औषध अजून नाही. तेव्हा नाव ऐकून छातीत धस्स होणे स्वाभाविक आहे. मात्र रोग दुर्मिळ आहे. वर्षाला एक लाख लोकांमागे साधारण दोघांना तो नव्याने होतो.

आता मुख्य मुद्दा. हा रोग माणसाची शक्ती नेतो. "हात जड वाटतो" ही एक गोष्ट आणि "हाताने कुलपात किल्ली फिरत नाही" ही दुसरी. पायरीवर पाऊल अडखळते, शर्टाचे बटण लागत नाही, बोलणे अडखळते आणि ते दुसऱ्यांच्याही ध्यानात येते. बहुधा एका जागी सुरुवात होते आणि आठवड्यांमागून आठवडे ते वाढतच जाते. आज आहे, उद्या नाही, असे होत नाही. मुंग्या येणे, बधिरपणा ही त्याची नेहमीची लक्षणे नव्हेत. या रोगात स्नायू फडफडतात हे खरे, पण सोबत दुबळेपणा असतो.

मग नुसतेच फडफडणे कशाचे? पापणी आणि पोटरी तर पुष्कळ निरोगी माणसांची फडफडते. जागरण, जास्त चहा-कॉफी, श्रम, काही औषधे आणि चिंता ही त्याची साधी कारणे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्नायू फडफडतात, पण तपासणीत रोगाचे चिन्ह नाही, अशा १२१ जणांची त्यांनी २ ते ३२ वर्षांनंतर चौकशी केली. त्यांतील एकालाही हा रोग झालेला नव्हता.

येथे कोणी विचारील, एवढे कळल्यावर भीती गेली असेल? नाही गेली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. माणूस भ्याला की शरीरात ॲड्रेनलिन सुटते, हृदय धडधडते, हात कापतो, स्नायू ताणले जातात आणि अधिकच फडफडतात. ते पाहून भीती वाढते. आपण पुन्हा पुन्हा चवड्यांवर उभे राहतो, त्याने पोटरी थकते, थकलेली पोटरी थरथरते आणि आपण म्हणतो, पाहा, सुरू झाले! शिवाय ज्या अवयवाकडे सारखे लक्ष द्यावे तो अधिक बोलू लागतो. हे वाचताना जिभेकडे लक्ष द्या. तोंडात ती कोठे ठेवावी हेच कळेनासे होईल.

कुपत होलीममधील आमच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून, हातपाय दाबून, ओढून सर्व तपासले. मज्जातंतूंच्या तज्ज्ञांकडे पाठविले. तेथे स्नायूत बारीक सुई घालून ई. एम. जी. तपासणी झाली. सर्व ठीक निघाले. आमचा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मनात आले, सुई चुकीच्या जागी टोचली असेल तर? पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पोटरी बरी आहे. आता तुमच्या भीतीवर उपचार करू या."

आम्हांला राग आला. आम्ही काय नाटक करतो? पण ते थट्टा करीत नव्हते. भीती हेही दुखणेच आहे. आपले रामबाम स्वतः वैद्य होते. सुलतान सलाहुद्दीनचा मुलगा अल-अफदल याच्यासाठी बाराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आरोग्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात मनाच्या अवस्थेचा शरीरावर होणारा परिणामही सांगितला आहे. तेव्हा ही गोष्ट नवी नाही.

भित्र्या माणसाला हसणाऱ्यांनी मोलिएरची गोष्टही ध्यानात ठेवावी. या फ्रेंच नाटककाराने १६७३ साली काल्पनिक आजाराने पछाडलेल्या माणसावर विनोदी नाटक लिहिले आणि ती भूमिका स्वतः केली. चौथ्या प्रयोगात त्याची प्रकृती रंगभूमीवरच बिघडली आणि त्याच रात्री तो वारला. त्याला खरोखरच आजार होता. म्हणून भित्र्यालाही एकदा नीट तपासलेच पाहिजे. आणि तपासून झाल्यावर थांबलेही पाहिजे.

या भीतीवर उपचार आहेत. विचार आणि सवयी बदलण्याची बोलून करायची एक पद्धत आहे. इंग्लंडमध्ये ४४४ रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थोड्याच बैठकांनी भीती नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक उतरली आणि दोन वर्षांनंतरही फरक टिकून होता. काहींना औषधांचाही उपयोग होतो. इस्राएलमध्ये मानसिक उपचारांची जबाबदारी जुलै २०१५ पासून कुपत होलीमकडे आहे. तेव्हा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशीच बोलावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

शिक्षकाचा पाठ गृहपाठाशिवाय संपत नाही. तो असा :

१. डॉक्टर एकच धरा. त्यांना सर्व सांगा, काहीही लपवू नका. भीतीही सांगा.

२. शक्ती तपासून पाहण्याची सवय रोज थोडी कमी करा. दहा वेळा पाहत असाल तर उद्या पाच वेळा, मग दोनदा, मग बंद.

३. रात्री फोनवर रोग शोधू नका.

४. घरच्यांनी "काही नाही झाले" हे शंभर वेळा सांगू नये. त्याने घटकाभर बरे वाटते आणि प्रश्न पुन्हा येतो. "तुम्हांला भीती वाटते हे कळते, चला, जरा फिरून येऊ," असे म्हणावे.

५. हात किंवा पाय खरोखरच दुबळा होत चालला, स्नायू बारीक दिसू लागला, गिळताना ठसका लागू लागला, तर उशीर न करता डॉक्टरांकडे जा. आणि एकाएकी तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर ते अर्धांगाचे लक्षण असू शकते. तेथे विचार करीत बसू नका, १०१ ला फोन करा.

आमचे म्हणाल तर वर्षभर लागले. शब्बाथचा प्याला आता पुन्हा प्रार्थनेसाठी हाती घेतो. पोटरी अजूनही कधी कधी फडफडते. तेव्हा आजीची आठवण येते. पाहुणे यायचे असतील, असे म्हणून आम्ही कूस बदलतो आणि झोपी जातो.