हृदयाचे पथ्य

तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरहून यवतच्या वाटेस लागली की मध्ये उरुळी कांचन येते. तेथील निसर्गोपचार आश्रम महात्मा गांधींनी १९४६ साली सुरू केला. माती, पाणी, ऊन, वारा आणि मिताहार ही तिथली औषधे. महात्माजींनी त्यांत रामनामही घातले.

हृद्रोग्यास निसर्गोपचारक काय सांगतात? पहिले, आहार. भाज्या, फळे, कोंड्यासकट धान्य, मोड आलेली कडधान्ये घ्यावीत. तेल-तूप, साखर कमी करावी. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा चमचाभरही नको. आणि पापड-लोणचेही यातच धरायचे बरं का! मिठाने रक्तदाब वाढतो. मग हृदयाला रक्त ढकलायला जादा जोर लागतो. दुसरे, चालणे. शेजाऱ्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. तिसरे, शवासन व संथ श्वसन. श्वास कोंडून धरू नये. जाणता उपचारक अशा रोग्यास वाफेच्या पेटीत बसवत नाही, कडक गरम किंवा बर्फगार पाण्याने न्हाऊ घालत नाही, लांब उपवासही देत नाही. अशक्त हृदयाला तो ताण सोसत नाही.

अमेरिकेतील डॉक्टर डीन ऑर्निश यांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शाकाहार, चालणे, ध्यान आणि एकमेकांचा आधार यांनी वर्षभरात कित्येकांच्या हृदयाच्या वाहिन्यांतील अडथळा थोडा उतरला. प्रयोग लहान होता, पण वाट दाखविणारा.

आता मुद्द्याचे सांगतो. आमच्या दिंडीतले एक म्हातारबुवा वारीत गोळ्या घेईनात. म्हणाले, ‘महाराज, माउली चालवील; शिवाय आज एकादशी.’ तिसऱ्या दिवशी पायांना सूज आली, दम लागला, गाडीत घालून न्यावे लागले. वाचले बिचारे. सज्जनहो, गोळी हे अन्न नव्हे, तिने एकादशी मोडत नाही! उलट साबुदाणा आणि तळलेले वडे यांनी पथ्य मोडते. निसर्गोपचार हा औषधाचा सोबती आहे, सवत नव्हे. डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी सोडू नये, आणि कडक उपवासही धरू नये. छातीत दाटले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर लेप लावीत बसू नका. तडक १०८ क्रमांकाची गाडी बोलवा.

नाम मुखी असावे, गोळी पिशवीत असावी. पंढरी गाठायची आहे ना?