आधुनिकतावाद आणि उत्तर-आधुनिकतावाद : गोष्ट कोण सांगतो?

साहित्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन जडशीळ संज्ञा हमखास येऊन उभ्या राहतात : आधुनिकतावाद आणि उत्तर-आधुनिकतावाद. परीक्षेपुरत्या त्या पाठ होतात. परंतु आपल्या वाचनाशी आणि जगण्याशी त्यांचा संबंध काय, हा प्रश्न बहुधा तसाच राहतो. आपल्या शाळेतून बाहेर पडून पुढील शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना हा भेद उमगावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्द पाहू. यंत्र, विज्ञान, सार्वत्रिक शिक्षण, लोकशाही यांतून घडलेली जीवनपद्धती म्हणजे आधुनिकता. आधुनिकतावाद ही या जीवनपद्धतीची स्तुती नव्हे. तिच्यात माणसाच्या वाट्याला आलेल्या एकाकीपणाला आणि विस्कटलेपणाला साहित्याने व कलेने दिलेला तो प्रतिसाद आहे. ‘उत्तर-आधुनिक’ या शब्दातील ‘उत्तर’ म्हणजे जबाब नव्हे, तर नंतरचे. ‘उत्तरार्ध’ किंवा ‘उत्तरायुष्य’ या शब्दांत आहे तसे.

१९१४ ते १९१८ या काळातील पहिल्या महायुद्धाने युरोपचा प्रगतीवरील विश्वास हादरवला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२२ साली, टी. एस. एलियट यांची ‘द वेस्ट लँड’ ही दीर्घकविता आणि जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. एलियटच्या कवितेत सलग कथा नाही. निरनिराळे आवाज, निरनिराळ्या भाषांतील तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. या कवितेच्या तिसऱ्या भागाचे नाव भगवान बुद्धांच्या अग्नीविषयीच्या प्रवचनावरून, म्हणजे आदित्तपरियाय सुत्तावरून, घेतलेले आहे, आणि तिचा शेवट उपनिषदातील शब्दांनी होतो. जॉइसने डब्लिन शहरातील एका दिवसाची हकिकत होमरच्या प्राचीन महाकाव्याच्या सांगाड्यावर उभी केली. जग मोडले आहे, याचे दुःख दोघांनाही आहे. तथापि या शकलांना सांधणारा अर्थ कोठेतरी असला पाहिजे, आणि तो कलेच्या रचनेतून हाती लागेल, अशी आशाही दोघांनी सोडलेली नाही.

मराठीत हे वळण नवकाव्य, नवसाहित्य या नावांनी ओळखले गेले. बा. सी. मर्ढेकर यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली आला. यंत्रयुगात पिचलेल्या शहरी माणसाची कुतरओढ मांडताना त्यांनी इंग्रजी शब्द आणि यंत्रांच्या प्रतिमा कवितेत आणल्या, आणि त्याच वेळी संतांच्या अभंग-ओवीचा आधार घेतला. मोडलेले जग जुन्या छंदात बांधून पाहण्याची ही धडपड आधुनिकतावादाची खूण होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्नच बदलला. नाझींच्या मृत्युछावण्यांत आणि हिरोशिमा-नागासाकीवर विज्ञान व शिस्तबद्ध प्रशासन हीच संहाराची साधने झाली. पाठोपाठ आशिया-आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या, आणि ‘आम्ही तुम्हाला सुसंस्कृत केले’ हा साम्राज्यांचा दावा उघडपणे तपासला जाऊ लागला. फ्रेंच विचारवंत ज्याँ-फ्रांस्वा लिओतार यांनी १९७९ साली या मनःस्थितीला नेमके शब्द दिले. महाकथनांविषयीचा अविश्वास, असे त्यांनी उत्तर-आधुनिकतेचे वर्णन केले. साऱ्या मानवजातीचा इतिहास एकाच सूत्रात बसवून सांगणारी आणि त्या बळावर सत्तेला मान्यता मिळवून देणारी कथा म्हणजे महाकथन.

भेद थोडक्यात असा. हरवलेल्या केंद्रासाठी आधुनिकतावादी लेखक झुरतो. ते केंद्र कोणी, कोणाच्या सोयीसाठी ठरवले होते, हे उत्तर-आधुनिक लेखक विचारतो. पहिल्याला तुटक रचनेतूनही एक अर्थ शोधायचा असतो. दुसरा एकच अर्थ असतो हेच मान्य करीत नाही. तो जुन्या कथा पुन्हा सांगतो, त्यांची थट्टा करतो, लेखकालाच कथेत आणून बसवतो आणि ‘हे सारे कोणीतरी रचलेले आहे’ याची वाचकाला वारंवार जाणीव देतो.

एक उदाहरण घेऊ. डॅनिएल डेफो यांची ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही कादंबरी १७१९ साली प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर डेफोचे नाव नव्हते. हा वृत्तान्त खुद्द क्रूसोनेच लिहिला आहे, असे छापले होते. बेटावर सापडलेल्या माणसाचे नाव क्रूसो विचारीत नाही. तो त्याला ‘फ्रायडे’ हे नाव देतो आणि आपल्याला ‘मालक’ म्हणायला शिकवतो. पिढ्यानपिढ्या मुलांनी ही गोष्ट साहसकथा म्हणून वाचली. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले जे. एम. कुट्सी यांनी १९८६ साली ‘फो’ या कादंबरीत तीच गोष्ट उलटून पाहिली. येथे सुझन बार्टन नावाची स्त्री बेटावरून परतते आणि आपली हकिकत लिहून देण्याची विनंती फो या लेखकाला करते. (डेफोचे मूळ आडनाव फो हेच होते.) लेखकाला मात्र ती हकिकत अधिक रंजक करून हवी आहे. आणि या कादंबरीतील फ्रायडेला जीभच नाही. ती कोणी कापली, हे शेवटपर्यंत निश्चित कळत नाही. ज्याला सांगता येत नाही, त्याची गोष्ट इतरांनी कितीही सांगितली तरी ती त्याची होत नाही, हे कुट्सी दाखवतात.

येथे एक धोकाही आहे, आणि आमच्या मते आपल्यासाठी तोच कळीचा मुद्दा आहे. प्रत्येक सत्य ही कोणीतरी रचलेली कथाच असेल, तर अन्याय ही सुद्धा एक कथाच ठरते. मग ‘ही तुमची बाजू झाली, दुसऱ्याची वेगळी असेल’ असे म्हणून पाणवठ्यावरची बंदी, वेठबिगारी, उपासमार यांना शब्दांचा खेळ ठरवता येते. ज्यांना बोलण्याची संधी आत्ताच मिळाली, त्यांनी तोंड उघडताच ‘सत्य असे काही नसतेच’ असे ऐकवले जाणे, हा कसला न्याय?

मराठी दलित आत्मकथनांनी या पेचाला आपल्या परीने उत्तर दिले आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली, म्हणजे लिओतार यांच्या पुस्तकाच्या आधीच्या वर्षी, आले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकच माणूस आहे. दुभंगलेल्या निवेदकाची ही रचना उत्तर-आधुनिक म्हणून कोणी दाखवील. परंतु ती कोणत्या युरोपीय सिद्धान्तातून आली नाही, आंबेडकरी चळवळीने दिलेल्या आत्मभानातून आली. आणि तिचा हेतू खेळाचा नाही, साक्षीचा आहे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले ते १९८६ साली, ‘फो’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी. त्यांनी हे लेखन वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. शीर्षकातले ‘आमुचं’ ध्यानात घेण्याजोगे आहे : ती एकटीची नव्हे, फलटण परिसरातील महार समाजाची, त्यातही स्त्रियांची, हकिकत आहे. पुढे याच बेबीताईंनी फलटणजवळच्या निंबुरे गावी वंचित मुलांसाठी निवासी शाळाही उभी केली.

या दोन पुस्तकांना आम्ही शेजारी ठेवतो ते यासाठी. कुट्सींची कादंबरी फ्रायडेचे मौन दाखवते आणि तेथे प्रामाणिकपणे थांबते. ते मौन भरून काढण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. बेबीताईंचे पुस्तक त्या मौनाच्या आतून बोलते. उत्तर-आधुनिक दृष्टी आपल्याला सांगणाऱ्याविषयी प्रश्न विचारायला शिकवते, आणि तो धडा मोलाचा आहे. पण सांगणाऱ्याची तपासणी करणे वेगळे, घडलेले नाकारणे वेगळे.

म्हणून यापुढे कोणतेही पुस्तक, पाठ्यपुस्तकसुद्धा, हाती घेताना आपल्या मुलांनी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत, अशी आमची विनंती आहे. ही गोष्ट कोण सांगत आहे? या गोष्टीत कोणाला नावही स्वतःचे ठेवू दिलेले नाही? आणि त्या माणसाने स्वतः लिहिलेले काही मिळते का? मिळत असेल, तर ते पुस्तक आधी वाचावे. मिळत नसेल, तर आपल्या घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांचे ऐकून घ्यावे आणि वहीत उतरवून ठेवावे.